संकल्प, विकल्प आणि परतीचे तिकीट

आमच्या बेसमेंटमध्ये एक खोके आहे. त्यात २२० व्होल्टचा मिक्सर आहे, कधीही न वापरलेला. १९८६ साली न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधून तो घेतला, कारण ‘आता वर्षा-दीड वर्षात परत जायचंच आहे, तिथे असा मिळत नाही.’ त्यानंतर आम्ही दोन घरे बदलली. प्रत्येक वेळी ते खोके ट्रकमध्ये चढले आणि नव्या बेसमेंटमध्ये उतरले. तसा मिक्सर दरम्यानच्या काळात पुण्यातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागला, तरी खोके इथेच. गेल्या हिवाळ्यात आवराआवर करताना पत्नीने त्यावरची धूळ झटकली आणि अगदी साध्या आवाजात विचारले, ‘अहो, परत न जायचं आपण ठरवलं कधी?’

मला उत्तर देता आले नाही. मी १९८२ साली आलो तो पाच वर्षांसाठी. पुढे दरवर्षी ‘अजून एक वर्ष’ असे होत गेले. आपल्या मंडळींत याला ‘एक्स प्लस वन’ म्हणतात आणि पॉटलकमध्ये त्यावर हसतात. मीही हसलो आहे. पण पत्नीच्या प्रश्नात विनोद नव्हता. राहायचे असे आम्ही ठरवले असते तर तो एक निर्णय झाला असता. जायचे ठरवून गेलो असतो तर तोही झाला असता. आमच्या बाबतीत दोन्ही झाले नाही. चाळीस वर्षे एका ठिकाणी काढली आणि ती काढायचे कोणी ठरवलेच नाही, असा हिशेब निघाला.

हा प्रश्न डोक्यात असतानाच आमच्या मंडळाने कॉलेजच्या सभागृहात ‘आनंदी गोपाळ’ हा समीर विद्वांस यांचा २०१९चा चित्रपट दाखवला. नंतर चहाबरोबर चर्चा झाली, आणि अशा चर्चेत नेहमी होते तसे दोन तट पडले. एक तट म्हणत होता, ‘काय ती जिद्द! ठरवलं म्हणजे ठरवलं.’ दुसरा म्हणत होता, ‘जिद्द कसली? नवऱ्याचा हट्ट, आणि जीव गेला तिचा.’ दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटल्या. का, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यात आनंदीबाई आहेत, त्यांच्यावरची कादंबरी आणि चित्रपट आहे, थोडे तत्त्वज्ञान आहे आणि आमचे खोकेही आहे.

आधी हकीकत थोडक्यात. आनंदीबाईंचा जन्म १८६५चा, माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, वयाने बराच मोठा, बिजवर. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. बायकांना औषधपाणी देणारी बाई डॉक्टर नाही हे त्या दुःखातून त्यांना उमगले. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले, आणि समुद्रापलीकडे मावशीचे नाते जुळले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, सोबत नवरा नाही. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ला त्यांनी पदवी घेतली. क्षय घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. तेव्हा वय बावीसही पूर्ण नव्हते.

या चरित्रावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि आपल्यापैकी बहुतेकांना आनंदीबाई माहीत आहेत त्या तिच्यामुळे. अंजली कीर्तने यांचा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा मेहनतीने केलेला ग्रंथ १९९७चा. कादंबरीवर माझा पहिला आक्षेप तिच्या नावापासूनच सुरू होतो. त्या नावात दोन माणसे आहेत, पण कथेला पुढे ढकलणारे इंजिन एकच : गोपाळराव. त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांचा हेका, त्यांचा संताप. श्री. जं.नी हे विलक्षण ताकदीने रंगवले आहे, त्यात वाद नाही. चित्रपटाने त्याच हेक्याला गोडवा दिला. बायकोने शिकावे म्हणून झुरणारा नवरा सभागृहातल्या आम्हा सगळ्यांना आवडला. परंतु दोन्हीकडे निश्चय ही एक स्वभावगत गोष्ट होऊन बसते. कोणी हट्टी, कोणी जिद्दी, कोणी सोशिक. निश्चय हा विचाराचा एक प्रकार आहे, आणि तो बरोबर किंवा चूक केला जाऊ शकतो, ही बाजू पडद्यावर दिसत नाही आणि कादंबरीतही मागे राहते.

आनंदीबाईंचे स्वतःचे शब्द मात्र तिकडेच बोट दाखवतात. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. लोक छळत होते, टोमणे मारत होते, म्हणून हे जाहीर उत्तर. ते भाषण भावनेचे नाही, ते प्रश्नोत्तरांचे आहे. त्यांनी स्वतःला सहा प्रश्न घातले. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? काही संकट ओढवले तर काय करीन? आणि इतर कोणी बाईने जे केले नाही ते मी का करावे? एकेका प्रश्नाला त्यांनी कारणे देऊन उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन असे सांगितले.

सतरा वर्षांच्या मुलीने पाचवा प्रश्न आपणहून यादीत घातला, याकडे लक्ष द्यावे. ‘संकट ओढवले तर?’ हट्टी माणूस हा प्रश्न विचारत नाही. जो पुढच्या काही वर्षांचा बेत आखतो आणि त्या वर्षांत आपले मन डगमगेल हे ज्याला आधीच माहीत असते, तो विचारतो.

आता थोडे तत्त्वज्ञान. वाचकांनी पान उलटू नये, मी थोडक्यात आटोपतो.

प्रश्न असा. काल मी एक गोष्ट करायचे ठरवले. आज परिस्थिती तीच आहे, मला मिळालेली माहितीही तीच. काल ठरवले होते एवढ्याच कारणाने आज ते करणे मला बुद्धीने बंधनकारक आहे का? की बुद्धी दरक्षणी फक्त समोरचे पाहते, आणि कालचा ‘मी’ हा आजच्या ‘मी’चा कोणी मामलेदार नव्हे?

दुसरे मत मांडणारे विद्वान आहेत आणि ते कच्चे नाहीत. ब्रायन हेडन यांनी २०१५ साली या भूमिकेची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या मते बुद्धीच्या अटी एका क्षणापुरत्या असतात. या क्षणी तुमच्या समजुती काय, इच्छा काय, पुरावा काय, एवढेच पाहायचे. सदाशिव पेठेतले दोन इंजिनियर घ्या. दोघे एकाच विमानाने आले, दोघांना सारखा पगार, सारखी मुले, घरचे आईवडील सारखेच थकलेले. एकाने १९८२ साली ‘पाच वर्षांत परत’ असा संकल्प सोडला होता, दुसऱ्याने काहीच म्हटले नव्हते. आज दोघांपुढे अगदी सारखे पर्याय आहेत. मग एकाने परत जावे आणि दुसऱ्याने जाऊ नये असे म्हणायला आधार काय? चाळीस वर्षांपूर्वी तोंडातून बाहेर पडलेली वाफ?

हा युक्तिवाद ऐकला की आपल्याला सुटल्यासारखे वाटते. म्हणूनच तो जरा तपासून घ्यावा.

याच्या उलट टोकाला आपल्याकडे भीष्म आहेत. सत्यवतीच्या बापाची अट होती, तिच्या मुलाला राज्य मिळावे. त्यासाठी देवव्रताने राज्य सोडले आणि ब्रह्मचर्य पत्करले. पुढे सत्यवतीचे दोन्ही मुलगे निपुत्रिक मेले, वंश बुडायची वेळ आली, आणि खुद्द सत्यवतीने त्यांना विनवले की आता प्रतिज्ञा बाजूला ठेव. जिच्यासाठी प्रतिज्ञा केली तीच मोकळे करत होती. भीष्मांनी ऐकले नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्मांची जी उलटतपासणी केली आहे, ती वाचल्यावर हा माणूस लहानपणी वाटला होता तितका मोठा वाटेनासा होतो. ज्या कारणासाठी संकल्प केला ते कारणच संपले, तरी संकल्प पाळत राहणे याला निष्ठा म्हणावे की विचार थांबवणे? मला दुसरे वाटते. तेव्हा ‘ठरवलं म्हणजे ठरवलं’ हा आमच्या सभागृहातला पहिला तट भीष्मांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि आनंदीबाईंची त्याने केलेली स्तुती त्यांना शोभत नाही.

मग मधला रस्ता कोणता? स्टॅनफर्डचे मायकेल ब्रॅटमन यांनी १९८७ साली बेत, म्हणजे ‘प्लॅन’, या साध्या गोष्टीवर एक पुस्तक लिहिले आणि या विषयाचा रोख बदलला. त्यांचे म्हणणे असे : माणूस हा बेत करणारा प्राणी आहे, कारण त्याच्यापाशी वेळ आणि बुद्धी दोन्ही मोजकी आहेत. प्रत्येक क्षणी सगळा विचार पहिल्यापासून करायचा म्हटले तर काहीच होणार नाही. म्हणून आपण डोके शांत असताना ठरवतो आणि तो प्रश्न काही काळ मिटला असे धरून चालतो. बेत अर्धवट असतात, तपशील नंतर भरायचे असतात, आणि ते भरत जाणे हीच बेत खरा असल्याची खूण. पुण्याला जायचे ठरले की तिकीट, रजा, शेजाऱ्याकडे किल्ली हे सगळे मागोमाग यावे लागते. नाही आले तर तो बेत नव्हताच, ती नुसती इच्छा होती.

ऑक्सफर्डचे जॉन ब्रूम यांनी २०१३च्या आपल्या पुस्तकात अट अधिक नेमकी केली. कालचा संकल्प आज मोडायला बुद्धीची हरकत नाही. फक्त मधे नव्याने विचार झालेला असावा. विचार करून सोडलात, ठीक. पण विचार न करताच तो गळून पडला, नुसता विरला, तर तिथे बुद्धीचा दोष आहे. कालचा ‘मी’ आजच्या ‘मी’वर हुकूम चालवत नाही. पण त्याने एक फाइल उघडून टेबलावर ठेवली आहे. ती बंद करायची तर उघडून, वाचून, सही करून बंद करावी. कपाटामागे पडली म्हणून बंद झाली असे म्हणता येत नाही.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. संकल्प आणि विकल्प करत राहते ते मन, आणि निश्चय करते ती बुद्धी, हा भेद जुना आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी व्यवसायात्मक बुद्धीचा अर्थ निश्चय करणारी बुद्धी असा उलगडून सांगितला आहे. मनाने बाजू मांडायच्या, बुद्धीने निकाल द्यायचा. आम्ही इकडे काय केले? बाजू चाळीस वर्षे मांडल्या. निकाल द्यायला कोर्ट बसलेच नाही.

हे निकष आता आनंदीबाईंना लावून पाहू. त्यांच्या संकल्पात दोन थर होते. मूळ हेतू : बायकांची डॉक्टर होऊन परत जाणे आणि आपल्या समाजात राहूनच काम करणे. त्याखाली तपशील : काय खायचे, काय नेसायचे, कुठे राहायचे. त्या अमेरिकेत शाकाहारीच राहिल्या, साडीच नेसल्या. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात, तेव्हा त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. गोपाळरावांना ते रुचले नाही. इथे गंमत पाहा. नवऱ्याला वाटले, बेत मोडला. मला वाटते, बेत नीट चालू होता. हेतू तोच राहावा म्हणून तपशील विचारपूर्वक बदलला. हट्टाला हे जमत नाही, कारण हट्टाला हेतू आणि तपशील यांतला फरक कळत नाही.

तपशील भरत जाणे ही खरेपणाची दुसरी खूण. पदवीचा प्रबंध त्यांनी हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला, म्हणजे अभ्याससुद्धा परतीच्या दिशेने वळवला. अमेरिकेत असतानाच कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ करण्यात आली, आणि ती त्यांनी स्वीकारली. त्यांच्या ‘परत जाईन’ला गाव होते, पद होते, तारीख होती. माझ्या ‘परत जाईन’ला एक मिक्सर होता.

म्हणून दुसऱ्या तटाचेही मला पटत नाही. नवऱ्याच्या हट्टाने ढकललेली एक बळी मुलगी, असे म्हणताना आपण तिच्याबद्दल कळवळा दाखवतो, पण तिची विचारशक्ती काढून घेतो. गोपाळरावांचा जुलूम खरा होता, मारझोडही खरी होती, ते झाकायचे कारण नाही. मूळ ठिणगी त्यांची, हेही खरे. परंतु ज्या माणसाचे स्वतःचे बेत दर सहा महिन्यांनी बदलत होते, त्याच्या जोरावर ही मुलगी तीन वर्षे परक्या देशात टिकली असे मला वाटत नाही. पुढे १८९०मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्यांना चहा पाजून ज्याने ग्रामण्य उभे केले, जो स्वतः ख्रिस्ती झाला आणि काही काळातच परत फिरला, तोच हा माणूस. त्याच्याकडे झपाटा होता, सातत्य नव्हते. सातत्य तिच्याकडे होते. कादंबरी आणि चित्रपट यांनी हे उलटे दाखवले, अशी माझी तक्रार आहे.

बरोबरीने पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे, म्हणजे समजुतीचा तोल राहील. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी. कानांनी साथ दिली नाही, तो बेत सोडावा लागला. धर्म बदलणार नाही असे सांगून निघाल्या होत्या, आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याने दोष दिला. १८८६ला आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या मुद्दाम अमेरिकेत आल्या, इथे राहून व्याख्याने दिली, १८८७ला ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. एकीने संकल्प पाळला, दुसरीने दोन मोडले. तरी अविचारी यांपैकी कोणालाच म्हणता येत नाही. रमाबाईंचे निर्णय पटोत न पटोत, ते निर्णय होते. घेतले, सांगितले, त्यांची किंमत मोजली. त्यांच्या बाबतीत काहीच नुसते विरले नाही.

इथे ब्रूम यांच्या नियमाबद्दल माझी एक शंका नोंदवतो. त्यांचा नियम आमच्यासारख्यांना पकडू शकत नाही. आमचा संकल्प विरला कुठे? दरवर्षी गणपतीत कोणी विचारले की आम्ही छातीवर हात ठेवून सांगत होतो, ‘जायचं आहे.’ आणि खोटे बोलत नव्हतो. संकल्प जिवंत होता, फक्त त्याला हातपाय नव्हते. दर वर्षीचे कारण वेगळे पाहिले तर चोख होते. ८७ला ग्रीन कार्ड तोंडाशी आले होते. ९१ला मुलगी पहिलीत जाणार होती. ९६ला बढती. २००१ला तिचे हायस्कूल. एकेका क्षणाचा हिशेब हेडन यांनी तपासला असता तरी चूक सापडली नसती. प्रत्येक पाऊल शहाणपणाचे, आणि एकूण प्रवास कोणी न ठरवलेला. शहाणपण एका क्षणात मावत असते तर असे झाले नसते. म्हणून मी काळाच्या बाजूने मत देतो : बुद्धीच्या काही अटी वर्षांवर पसरलेल्या असतात, आणि त्या मोडल्या आहेत की नाही हे कोणत्याही एका संध्याकाळी पाहून कळत नाही. ब्रॅटमन यांची कसोटी मात्र आम्हाला पकडते : तपशील भरलेत का? नाही. मग ‘जायचं आहे’ याला संकल्प म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.

आणि हे नुसते शास्त्राचे प्रकरण नाही, कारण आपल्या बेतांवर दुसऱ्यांचे बेत उभे असतात. पुण्याच्या घरी गच्चीला लागून एक खोली होती. मी परत आल्यावर त्यात राहणार म्हणून आईने ती कधी भाड्याने दिली नाही. वडिलांच्या पेन्शनवर घर चालत होते आणि कॉलेजची मुले खोली मागायला येत होती. ती दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं शाकारून घ्यायची आणि पत्रात लिहायची. मी उत्तरात लिहायचो, ‘बहुधा पुढच्या वर्षी.’ २००४ साली ती गेली. मी तिला फसवले असे मला वाटत नाही. पण मी विचार करून ‘येणार नाही’ असे लिहिले असते, तर तिने चार दिवस रडून ती खोली दिली असती, आणि बावीस वर्षांचे भाडे तिच्या हातात आले असते. कदाचित एखादी शेजार-सोबतही. माझ्या न ठरवण्याची किंमत तिने भरली.

डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली एका रशियन तरुणाची कल्पित गोष्ट सांगितली आहे. त्याला पुढे वारशाने जमीन मिळणार असते आणि ती गरिबांना द्यायचे त्याच्या मनात असते. पण वय वाढले की आपले मन आखडेल अशी त्याला भीती वाटते. म्हणून तो आजच दानपत्र करतो. ते बायकोच्या संमतीशिवाय रद्द होऊ नये अशी अट घालतो, आणि तिच्याकडून वचन घेतो की पुढे मी कितीही विनवले तरी संमती देऊ नकोस. मग तो पन्नाशीला येऊन विनवतो. तिने कोणाचे ऐकावे? ज्याच्याशी लग्न केले त्या तरुणाचे, की समोर बसलेल्या नवऱ्याचे? आपल्या घरांतून ही गोष्ट कल्पित नाही. इथे वचन दोघांनी मिळून केलेले असते आणि ते मोडते एकाच्या नोकरीमुळे. बहुतेक वेळा नवऱ्याच्या. बायकोला ‘तू म्हणाली होतीस’ असे ऐकवता येते. तिच्या नव्याने विचार करण्याला मात्र कोणी जागा ठेवत नाही. आमच्याकडे तिने १९९१ला एकदा विषय काढला होता. मी म्हणालो, ‘आत्ता नको, रिव्ह्यू चालू आहे.’ ते वाक्य तिला पाठ आहे.

हल्ली आलेल्या तरुण मंडळींना हा उपदेश करताना मात्र जपून बोलले पाहिजे. त्यांच्यावर अनिश्चितता बाहेरून लादलेली आहे. एच-१बी तीन तीन वर्षांचा. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की मुलाचे कॉलेज आले तरी नंबर लागत नाही. ज्याच्या हातात पुढची तीन वर्षेही नाहीत त्याने वीस वर्षांचा बेत कसा करावा? न केल्याबद्दल त्याला अविचारी म्हणणे अन्यायाचे आहे. तरीही श्रीरामपूरचा पाचवा प्रश्न त्यालाही विचारता येतो. संकट ओढवले तर काय करू? नोकरी गेली तर किती दिवस थांबू, कोणत्या तारखेला उठू, आईवडिलांना आज काय सांगू? अनिश्चिततेत निर्णय लांबवता येतो, पण कोणत्या खुणेवर तो घ्यायचा हे तरी आधी ठरवता येते.

न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आनंदीबाईंच्या अस्थी आहेत. गोपाळरावांनी त्या कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी आपल्या घराण्याच्या जागेत त्यांना ठेवले. आम्ही दोघे या वसंतात तिथे जाऊन आलो. गाडीतून उतरताना माझ्या मनात एकच विचार होता, की परत जाण्याचा संकल्प इतका नेटाने पाळलेल्या बाईचा शेवटचा मुक्काम अमेरिकेत झाला, आणि कोल्हापूरची जागा तशीच राहिली. मग हा बेत फसला म्हणायचा का? फळाच्या हिशेबाने फसला. पण विचाराच्या हिशेबाने त्यात मला अजून एकही गळती सापडलेली नाही. बुद्धीने आपल्याकडून फळाची हमी मागितलेली नाही. तिने मागितले आहे ते एवढेच की जे ठरवले ते एकतर चालवा किंवा उघड्या डोळ्यांनी सोडा.

परतताना वाटेत एका डायनरमध्ये कॉफी घेतली. तिथे कागदी रुमालावर आम्ही दोन रकाने आखले, जायचे आणि राहायचे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच लिहून. अर्ध्या तासात उत्तर दिसले : मुलगी इथे, नातू इथे, औषधे इथली, आणि पुण्यात आता भेटायला जायचे आहे, राहायला नाही. आम्ही राहणार. त्या रात्री धाकट्या भावाला फोन करून सांगितले की गच्चीची खोली तुझी, आता तिचे काय करायचे ते कर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दादा, हे आई असताना सांगायचं.’

मिक्सर मंडळातल्या एका तरुण जोडप्याला देऊ केला आहे. ते येत्या जूनमध्ये नाशिकला परत जात आहेत. तारीख ठरली आहे, मुलाच्या शाळेत प्रवेश घेतला आहे, घरमालकाला नोटीस दिली आहे. असला जुना मिक्सर चालेल का म्हणून मी संकोचाने विचारले. मुलगी म्हणाली, ‘काका, चालू करून बघू या आधी.’ इथे २२० व्होल्ट कुठले? नाशिकला गेल्यावर ती कळवणार आहे.